हृदयातले जादाचे स्नायू आणि बिघडलेली लय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गेली अठरा वर्षं दवाखाना चालवते. हृदयरोगतज्ज्ञ नाही, साधी फिजिशियन आहे. पण 'छातीत धडधडतंय' म्हणणारा माणूस पहिल्यांदा येतो तो माझ्यासारखीकडेच, आणि मोठ्या दवाखान्यातून परतल्यावर रिपोर्ट घेऊन पुन्हा इथेच येतो. आपल्या सीमाभागात या रिपोर्टची एक वेगळी अडचण असते. कागद इंग्रजीत, मोठे डॉक्टर कन्नडमधून बोललेले, आणि घरी आजी विचारते मराठीत. या तिन्हींच्या मधे अर्थ सांडतो. मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न म्हणून एकदा नीट लिहून काढले आहेत.

'मुलीच्या हृदयात जादाची तार आहे' असं सांगितलं. तार म्हणजे नेमकं काय?

तार म्हणजे स्नायूचाच एक बारीक धागा, वीज वाहून नेणारा. धातूची तार नव्हे आणि गाठही नव्हे.

हृदयाचे वरचे दोन कप्पे आणि खालचे दोन कप्पे यांच्या मधे एक चिवट, तंतुमय कडं असतं. त्यातून वीज जात नाही. आपल्याकडच्या भाताच्या खाचरांसारखं बघा. वरचं खाचर, खालचं खाचर आणि मधे बांध. वरचं पाणी खाली सोडायला बांधाला एकच मोरी ठेवलेली असते. हृदयातली ही मोरी म्हणजे एव्ही नोड आणि त्याच्या पुढचा हिसचा जुडगा. उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडमधून निघालेली वीज या मोरीत सेकंदाचा साधारण दहावा हिस्सा अडते आणि मग खाली उतरते. ते अडणं फार मोलाचं आहे. तेवढ्या वेळात वरच्या कप्प्यातलं रक्त खाली भरून घेतलं जातं.

आईच्या पोटात हृदय घडत असताना सुरुवातीला वरचे आणि खालचे कप्पे स्नायूनेच जोडलेले असतात. पुढे कडं तयार होतं आणि ते जोड तुटतात. कधी एखादा धागा तुटायचा राहून जातो. खेकड्याने बांध पोखरला की पाणी मोरीला वळसा घालून तिथून झिरपतं, तशी वीज या धाग्यातून सरळ खाली उतरते. फरक एवढाच, की खेकडा बीळ नंतर पाडतो आणि ही वाट जन्मापासूनची असते. हजारातल्या एक ते तीन माणसांच्या इसीजीत अशी वाट दिसते. गरोदरपणात आईने काय खाल्लं, कुठलं काम केलं, ग्रहणात काय चिरलं, याचा तिच्याशी काही संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सासरची माणसं दवाखान्यातच सुनेला हे विचारताना मी ऐकलं आहे.

मग धडधड एकाएकी का सुरू होते आणि एकाएकी का थांबते?

इथे बांधाची उपमा संपते. पाणी खालून वर चढत नाही, वीज चढते.

एखादा ठोका जरा अवेळी पडला की वीज मोरीतून खाली उतरते, जादाच्या धाग्यातून परत वर चढते, पुन्हा मोरीतून खाली. चाकासारखी फेरी लागते. प्रत्येक फेरीला एक ठोका. मिनिटाला १५०, २००, कधी त्याहून जास्त. ही फेरी कुठेही एकदा तुटली की सगळं क्षणात थांबतं. म्हणून रुग्ण सांगतात, 'बटण दाबल्यासारखं चालू झालं, बटण दाबल्यासारखं बंद झालं.' माझ्या लेखी हे वाक्य अर्धं निदान आहे. घाबरल्यामुळे होणारी धडधड हळूहळू वाढते आणि हळूहळूच उतरते.

अशीच फेरी जादाच्या धाग्याशिवायही लागू शकते. कित्येकांच्या एव्ही नोडकडे जाणाऱ्या वाटाच दोन असतात, एक वेगाची आणि एक संथ. त्या दोघींच्या मधे वीज फिरत राहते. मोठ्या माणसांत, त्यातही बायकांत, हा प्रकार जास्त आढळतो.

रिपोर्टवर 'डब्ल्यूपीडब्ल्यू' लिहिलंय. हा कुठला रोग?

तीन डॉक्टरांच्या आडनावांची आद्याक्षरं आहेत ती. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट. १९३० साली या तिघांनी ११ जणांची हकिगत छापली. सगळे एरवी धडधाकट, बहुतेक तरुण, आणि सगळ्यांना मधूनच धडधडीचे झटके. त्यांच्या इसीजीत एक विशिष्ट खूण होती.

ती खूण तुम्हीही बघू शकता. इसीजीचा गुलाबी चौकटींचा कागद हातात घ्या. एक लहान चौकट म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. आधी एक लहानसा उंचवटा येतो, तो वरच्या कप्प्यांचा. मग थोडी सपाट रेघ, आणि मग एकदम उभी सुई, ती खालच्या कप्प्यांची. उंचवट्याच्या सुरुवातीपासून सुईपर्यंत निदान तीन लहान चौकटी असाव्यात. डब्ल्यूपीडब्ल्यूमध्ये हे अंतर तीनपेक्षा कमी भरतं आणि सुईच्या पायथ्याशी एक तिरका चढ दिसतो. सुई सरळ उभी न राहता आधी टेकडी चढून मग उभी राहिल्यासारखी. त्याला डेल्टा म्हणतात. वीज धाग्यातून लवकर उतरली आणि खालच्या स्नायूचा एक कोपरा आधीच पेटला, त्याची ही सही.

इसीजी नॉर्मल आला. मग धडधड खोटी का?

नाही. या एका गैरसमजामुळे माणसं वर्षानुवर्षं हाल काढतात, म्हणून याचं उत्तर लांबवते.

काही धागे वीज फक्त खालून वर नेतात. अशा माणसाचा शांत असतानाचा इसीजी अगदी स्वच्छ येतो आणि दोष दिसतो तो फक्त झटका चालू असताना. दोन वाटांच्या प्रकारातही तसंच. म्हणजे चोर घरात असतानाच दार उघडून बघायला हवं.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातली एकोणीस वर्षांची मुलगी आईबरोबर आली. रोप लावणीचे दिवस. चिखलात वाकून काम करताना आणि एकदम उठताना तिला धडधड सुटायची, मानेत 'बेडूक उडाल्यासारखं' व्हायचं, मग लघवीला पुष्कळ व्हायची आणि अंग गळून जायचं. एका दवाखान्यात इसीजी काढून 'काही नाही, मनाचं आहे' म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. गावात लग्न ठरत नाही म्हणून करते, असंही बोललं गेलं. मी इसीजी काढला, तोही स्वच्छ आला. आणि मीसुद्धा तिला रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. रक्त कमी होतंच, पण माझी ती चूक होती. मानेतल्या त्या बेडकाबद्दल मी आणखी दोन प्रश्न विचारायला हवे होते.

तीन आठवड्यांनी भर पावसात तिचा भाऊ तिला मोटारसायकलवरून घेऊन आला, झटका चालू असताना. नाडी मोजता येईना. इसीजी लावला तर २१०, एकसारखे, सुईला सुई लागलेली. ती पट्टी निघाली तेव्हा तिच्या आईने मला विचारलं, 'म्हणजे पोरगी खोटं बोलत नव्हती ना बाई?'

म्हणून सांगते. झटका चालू असताना जवळ असेल त्या दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, तालुका रुग्णालयात जा आणि आधी पट्टी काढून घ्या. कर्नाटक सरकारने पुनीत राजकुमार यांच्या नावाने हृदय ज्योती योजना सुरू केली आहे. ती मुख्यतः हृदयविकाराच्या झटक्यासाठी असली तरी तिच्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी काढलेला इसीजी दूरच्या तज्ज्ञांपर्यंत पोचण्याची वाट झाली आहे. औषधाने झटका थांबवण्याआधीची पट्टी, थांबतानाची आणि थांबल्यानंतरची, तिन्ही मागून घ्या. मागायला लाजू नका.

ती पट्टी जपायची कशी?

त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर उजेडात फोटो घ्या. बहुतेक इसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. वर्षा-दोन वर्षांत तो फिका पडतो, उन्हात ठेवला तर त्याआधीच. आणि लॅमिनेशन तर कधीच करू नका. आमच्या एका काकांनी झटक्याची एकुलती एक पट्टी कायमची राहावी म्हणून झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट केली. यंत्राच्या उष्णतेने अख्खा कागद काळा झाला. पुढे नऊ महिने दुसरा झटका पकडता आला नाही.

मनगटावरच्या घड्याळात इसीजी निघत असेल तर तोही चालेल. एकाच बाजूने घेतलेला असतो, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा.

झटका सुरू झाला तर घरी काय करावं?

शुद्ध नीट असेल, छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल, आणि डॉक्टरांनी हा फेरीचा प्रकार आहे असं आधी सांगितलेलं असेल, तर हा उपाय करून बघा. अर्धवट बसा. १० मिलीची रिकामी सिरिंज तोंडात धरून १५ सेकंद एवढ्या जोराने फुंका की आतला दांडा जरासा हलावा. लगेच कुणीतरी तुम्हाला सपाट आडवं करावं आणि दोन्ही पाय ४५ अंशांत वर धरावेत, आणखी १५ सेकंद. इंग्लंडमध्ये २०१५ साली छापलेल्या एका मोठ्या चाचणीत नुसतं फुंकून १७ टक्के लोकांचा झटका थांबला, आणि पाय वर करण्याची जोड दिल्यावर ४३ टक्के लोकांचा. एवढा साधा, फुकटचा उपाय क्वचितच मिळतो. घरच्यांना आधीच शिकवून ठेवा. झटका आल्यावर शिकवायला जमत नाही.

मानेची शीर चोळायचा उपाय कुणी सांगितला तर स्वतः करू नका, वयस्कर माणसाला तर मुळीच नको. डोळे दाबणंही नको.

कधी थांबू नये?

चक्कर येऊन पडलात, छातीत दाबल्यासारखं झालं, दम लागला, घाम सुटून अंग गार पडलं, किंवा धडधड एकसारखी नसून वेडीवाकडी आणि फार जलद असली, तर सिरिंज बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. पळताना किंवा जोराचं काम करताना शुद्ध गेली असेल तर ती एकदाच गेली म्हणून सोडून देऊ नका.

समोरचा माणूस कन्नड बोलणारा असेल तर हे तीन शब्द पाठ ठेवा. धडधड म्हणजे 'एदे डवडव', चक्कर म्हणजे 'तले सुत्तु', शुद्ध गेली म्हणजे 'ज्ञान तप्पितु'. रात्री दोन वाजता अँब्युलन्सवाल्याला एवढं सांगता आलं तरी पुरतं.

जीवाला धोका आहे का?

बहुतेकांना नाही, पण काहींना आहे, आणि ते कोण हे तपासून ठरवावं लागतं.

धोका असा. एव्ही नोडची मोरी हुशार असते. वरून फार पाणी आलं तरी थोडंच खाली सोडते. जादाच्या धाग्याला ही अक्कल नसते. वरच्या कप्प्यात कधी फिब्रिलेशन सुरू झालं, म्हणजे वरचा स्नायू शेकडो ठिणग्यांनी नुसता थरथरू लागला, की तो गोंधळ धाग्यातून जसाच्या तसा खाली उतरू शकतो. खालच्या दोन ठोक्यांतलं अंतर पाव सेकंदाहून कमी भरत असेल तर तो धागा घातक समजतात.

अशा वेळी व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन यांसारखी मोरी आवळणारी औषधं शिरेतून दिली तर उलटतात, कारण मग सगळं पाणी बिळातून जातं. म्हणून 'मला डब्ल्यूपीडब्ल्यू आहे' एवढं एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात, आधार कार्डाच्या मागे ठेवा. इंग्रजीत लिहून घ्या, म्हणजे कोल्हापूरला असा की हुबळीला, वाचणाऱ्याला कळेल.

वडील पासष्टीचे आहेत. त्यांच्या नाडीला तालच नाही. त्यांनाही तार आहे का?

बहुधा नाही. त्यांना एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे वर सांगितलेली वरच्या कप्प्याची थरथर, असण्याची शक्यता जास्त. पण इथेही एका वेगळ्या स्नायूचा हात असतो, आणि मला ही सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

फुफ्फुसांकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरा डाव्या वरच्या कप्प्याला येऊन मिळतात. शिरेला हृदयाचा स्नायू कशाला हवा? पण हृदयाचा स्नायू कप्प्याच्या दारात थांबत नाही. सदऱ्याची बाही मनगटावर उतरावी तसा तो शिरेच्या अंगावर काही सेंटिमीटर उतरलेला असतो. या बाहीतले धागे सरळ नसतात. कुठे आडवे, कुठे तिरपे, मधे मधे तुटक. तिथून अवेळी ठिणग्या उडतात. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ४५ रुग्णांत अशा ६९ जागा शोधल्या, त्यातल्या ९४ टक्के या शिरांमध्ये निघाल्या. तोवर सगळे कप्प्यातच शोधत होते. आज फिब्रिलेशनवर जो ॲब्लेशनचा (नळीने आत जाऊन तेवढाच स्नायू निकामी करण्याचा, पुढे सविस्तर सांगते) उपचार करतात तो या शिरांच्या मुखाभोवती कुंपण घालण्याचा आहे.

वडिलांच्या बाबतीत मात्र लयीइतकीच काळजी रक्ताच्या गुठळीची करावी लागते. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक खिसा असतो, आतून फणीच्या दात्यांसारख्या स्नायूंच्या रांगा असलेला. कप्पा नीट आकसेनासा झाला की रक्त त्या कोपऱ्यात साकळतं. झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांत सुमारे ९० टक्के गुठळ्या तिथेच होतात. ती गुठळी मेंदूत गेली की लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नसते.

आपल्याकडे लहानपणीच्या सांधेतापाने झडप अरुंद झालेले रुग्ण अजून पुष्कळ आहेत. त्यांना फिब्रिलेशन झालं तर वॉरफॅरिन ही रक्त पातळ ठेवायची जुनी गोळीच द्यावी लागते. नवीन, तपासणी न लागणारी महाग गोळी जास्त चांगली असेल असं वाटतं, पण २०२२ साली भारतासह अनेक देशांतल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांवरच्या चाचणीत वॉरफॅरिनचेच रुग्ण जास्त वाचले. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ मधे राहिला पाहिजे. पालेभाजीने हा आकडा बदलतो, म्हणून मेथी, पालक खा, पण रोज साधारण सारखं खा. एक आठवडा भाजीच भाजी आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं नको.

इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) 'फॉल्स टेंडन' लिहिलंय. ऑपरेशन लागेल का?

नाही. डाव्या खालच्या कप्प्यात एका भिंतीपासून दुसरीपर्यंत ताणलेली ती एक दोरी आहे, पुष्कळ निरोगी माणसांत असते. तिच्यात कधी वीज वाहणारे धागे असतात आणि क्वचित जादा ठोके तिथून उठतात. नुसती दिसली म्हणून काही करायचं नसतं. निर्धास्त राहा.

आणि 'मॉडरेटर बँड'?

तो तर जवळजवळ प्रत्येकालाच असतो. उजव्या खालच्या कप्प्यात, दोन कप्प्यांमधल्या पडद्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत गेलेला स्नायूचा पूल. लिओनार्दो द विंचीने पाचशे वर्षांपूर्वी तो चितारून ठेवला आहे. उजव्या बाजूची वीज त्याच्यावरून पलीकडे जाते, म्हणून तो आडवाटेचा न राहता हमरस्ता ठरतो. क्वचित या पुलावरून किंवा झडपांच्या दोऱ्या धरून ठेवणाऱ्या पॅपिलरी स्नायूंवरून जादा ठोके सुटतात, आणि त्यातले काही थोडे घातक निघतात. जादा ठोके दिवसाला हजारोंनी पडत असतील किंवा चक्कर येत असेल तर २४ तासांची होल्टर तपासणी (दिवसभर अंगावर लावून ठेवलेला इसीजी) करून घ्यावी. एखाद-दुसरा ठोका चुकणं सगळ्यांनाच असतं. दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके पडतात. त्यात दोन-चार इकडेतिकडे होणारच.

'नॉनकॉम्पॅक्शन' म्हणजे हृदय पोकळ झालं का?

पोकळ नाही, आतून जाळीदार. पोटातल्या बाळाचं हृदय सुरुवातीला स्पंजासारखं असतं आणि पुढे भिंत दाबून घट्ट होते. काहींत आतला थर जाळीदारच राहतो. त्या फटींत रक्त साकळू शकतं आणि लयही बिघडू शकते. पण इथे मी सावधपणे सांगते : अलीकडे यंत्रं इतकी बारीक बघतात की पैलवानांत, धावपटूंत आणि गरोदर बायकांतही जाळी दिसते, आणि ती कित्येकदा आजाराची नसते. हृदयाची ताकद चांगली, घरात कुणी अकाली गेलेलं नाही, तक्रार काही नाही, तर एका इकोवरून जन्मभराचा शिक्का मारून घेऊ नका. गरज वाटली तर एमआरआय करून दुसरं मत घ्या.

पोरगा तालमीत जातो, भरतीसाठी पळतो. त्याच्या हृदयाची भिंत जाड आहे म्हणाले. कसरतीमुळे असेल ना?

असेलही. पण इथे अंदाजावर राहू नका. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे पहाटे पळणारी पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि लाल मातीतली कुस्तीही आहे. मला या पोरांची काळजी वाटते.

शहापूर-वडगावच्या हातमागावर ताणा बघितला असेल. शेकडो उभे धागे एकमेकांना समांतर. हृदयाच्या स्नायूच्या पेशीही अशाच रांगेत असतात. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी नावाच्या आजारात भिंत जाड होतेच, पण खरी गोम आत असते. पेशी गुंतलेल्या ताण्यासारख्या वेड्यावाकड्या पडलेल्या असतात, मधे चट्ट्याच्या रेषा. अशा गुंत्यातून वीज सरळ जात नाही, अडखळते, मागे वळते आणि घातक फेरी लागू शकते. साधारण ५०० माणसांत एकाला हा आजार असतो. मोठ्या माणसात भिंत १५ मिलिमीटर किंवा जास्त भरली आणि त्याला रक्तदाबासारखं दुसरं कारण नसेल, तर याचा विचार करतात.

हा आजार घराण्यातून येतो. म्हणून आई-वडील, भावंडं, मुलं, सगळ्यांचा इसीजी आणि इको व्हायला हवा, तक्रार नसली तरी. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने २००९ साली छापलेल्या अभ्यासात हृदयाच्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरं गळालेला एक दोष सापडला. तो भारतीयांत सुमारे ४ टक्के लोकांत आहे. तो असलेला प्रत्येक माणूस आजारी पडतो असं अजिबात नाही, पण स्नायूचे आजार 'आपल्यात नसतात' हे म्हणणंही बरोबर नाही.

याच रांगेतला आणखी एक आजार आहे. त्यात उजव्या खालच्या कप्प्याच्या स्नायूच्या जागी चरबी आणि चट्टा येत जातो, आणि जोराच्या व्यायामाने तो बळावतो. म्हणून पळताना पडलेल्या पोराला 'उपाशी होता' म्हणून पाणी पाजून पुन्हा मैदानात उतरवू नका. तपासणी होईपर्यंत पळणं बंद. वस्तादांनाही हे सांगा. घरात कुणी चाळिशीच्या आत झोपेत किंवा कामावर एकाएकी गेलं असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

ॲब्लेशन म्हणजे हृदय जाळतात म्हणे. भीती वाटते.

भीती वाटणं साहजिक आहे. जाळतात ते काही मिलिमीटरच, आणि हृदय उघडत नाहीत.

पूर्वी उघडत असत. १९६८ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. सीली यांनी एका तरुण मासेमाराचं हृदय उघडून असा धागा कापला, ते या प्रकारचं पहिलं यशस्वी ऑपरेशन. आता मांडीच्या शिरेतून बारीक नळ्या आत नेतात. आधी त्या नळ्यांनी विजेचा माग काढतात, कुठे लवकर पोचते, कुठे उशिरा. त्याला इपी तपासणी म्हणतात. जागा सापडली की नळीच्या टोकाला रेडिओलहरींनी ५०-६० अंश उष्णता देऊन तेवढाच स्नायू निकामी करतात. डब्ल्यूपीडब्ल्यूमध्ये शंभरातल्या नव्वदाहून जास्त लोकांचं कायमचं काम होतं. धागा मोरीच्या अगदी शेजारी असेल तर मोरीला धक्का लागून पेसमेकर लागण्याची थोडी शक्यता असते. हे आधी विचारून घ्या. तिथे कधी उष्णतेऐवजी गोठवण्याची पद्धत वापरतात.

त्या लावणीवाल्या मुलीबरोबर मी गेले होते, काचेच्या पलीकडे उभी होते. तिच्यात खालून वर जाणारा लपलेला धागा निघाला, डाव्या बाजूला. पडद्यावर झटका मुद्दाम सुरू केलेला होता, सुईला सुई लागलेली. उष्णता दिली आणि काही सेकंदांत रांग मधेच तुटली. एक रिकामी जागा, आणि मग साधे, संथ ठोके. तिसऱ्या दिवशी ती घरी आली.

खर्च आणि ठिकाण?

प्रत्येक कॅथलॅबमध्ये (शिरेतून नळी घालून हृदय तपासायच्या खोलीत) अँजिओग्राफी होते, पण इपीची यंत्रणा असतेच असं नाही. बेळगाव, हुबळी-धारवाड, मिरज, कोल्हापूर, बेंगळुरूचं जयदेव, कुठेही जाण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा : 'इपी स्टडी आणि ॲब्लेशन तुमच्याकडे होतं का, आणि कोणत्या दिवशी?' बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आधी सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागू शकतं, ते घेऊनच निघा. महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केल्याचं जाहीर केलं आहे. गाव यादीत आहे का आणि त्या रुग्णालयात आज योजना चालू आहे का, हे आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) विचारून मगच भरती व्हा. सीमेच्या या बाजूची माणसं दोन राज्यांच्या दोन खिडक्यांवर हेलपाटे घालून दमतात, हे मी रोज बघते. निदान कागद पूर्ण ठेवा.

लग्न ठरतंय. सांगावं का?

ॲब्लेशन होऊन धागा गेला असेल तर तो झालेला आणि बरा झालेला त्रास आहे. सांगा, कागद दाखवा, आणि त्यात खाली बघण्यासारखं काही नाही. झालेलं नसेल आणि झटके येत असतील तर गरोदरपणाआधी करून घेणं चांगलं, कारण त्या काळात झटके वाढू शकतात आणि औषधांनाही मर्यादा येतात. मुलांना ही वाट येईलच असं नाही, बहुतेकांना येत नाही.

ॲब्लेशन झालं, तरी मधेच ठोका चुकल्यासारखा वाटतो. परत आलं का?

पहिले काही आठवडे एखादा जादा ठोका जाणवतो. कित्येकांना झटका सुरू होईल असं वाटतं आणि होत नाही, कारण सुरुवात करणारा ठोका अजून पडतो पण फेरीची वाट राहिलेली नसते. तरी शंका वाटली की या आणि पट्टी काढून घ्या. ती मुलगी पुढच्या पावसाळ्यात अशीच आली होती, पाय चिखलाने भरलेले, लावणी अर्धी टाकून. पट्टीत मिनिटाला ८४ ठोके, सगळे वेळेवर, आणि मधे एकच अवेळी आलेला. तिने स्वतःच त्या एकावर बोट ठेवलं, 'हा ना?' मी हो म्हटलं. तिने पट्टीचा फोटो काढला आणि संध्याकाळच्या आत उरलेलं खाचर उरकायचं म्हणून निघून गेली.